सोकिनीच्या घरावरचा धूर

ऊन डोक्यावर आलं तरी सोकिनीच्या घरावरचा धूर काही थांबेना.

चेरोकींच्या एलिजे खोऱ्यातल्या बाकी सगळ्या चुली पहाटेच विझल्या होत्या. बायकांनी राख उकरून, टोपल्यांत भरून नदीपलीकडे नेऊन टाकली होती, चुली लिंपून काढल्या होत्या. मैदानात माणसं कालपासून उपाशी बसली होती. कोवळी कणसं झाकून ठेवलेली, आणि नवा विस्तव पेटल्याशिवाय त्यातला एक दाणाही कुणी तोंडात टाकायचा नाही. नवा विस्तव पेटणार कधी, तर गावातला शेवटचा जुना विस्तव विझल्यावर. हा नेम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. तो मोडावा असं आजवर एकाही बाईच्या मनात आलं नव्हतं, आणि आता आलं ते नेमकं विस्तव राखणाऱ्या ओचेलाच्या सख्ख्या बहिणीच्या. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, ते काही खोटं नाही.

नेकी उतारावरच्या अक्रोडाखाली पाय पसरून बसली होती. तिला सातवा महिना होता, आणि पोटुशी बाई नव्या विस्तवाजवळ जात नाही. तिथून तिला खाली मैदान दिसत होतं आणि वर आईचं घर. तिची नजर धुरावरून हलत नव्हती, कारण आईने विस्तव का धरून ठेवलाय हे गावाला अर्धंच ठाऊक होतं आणि तिला पुरतं.

गावाला ठाऊक असलेलं अर्धं कारण मैदानाच्या कडेला हाताची घडी घालून उभं होतं. आर्चिला, नेकीचा थोरला भाऊ. गेल्या हिवाळ्यात गोऱ्या सरकारची माणसं घराघराची किंमत ठरवत फिरली, तेव्हा आई रानात सरपणाला गेली होती, आणि आर्चिला पाहुणा म्हणून आला होता. त्याने आईचं घर, आईची पीचची झाडं, आईचं मक्याचं शेत, सगळ्यावर सही करून दिली. पुढच्या वसंतात जागा रिकामी करायची आणि पश्चिमेला जायचं. गोऱ्यांना वाटलं, घरात बाप्या माणूस दिसतोय म्हणजे घर त्याचंच असणार. आर्चिला चेरोकी आईच्या पोटचा. घर बाईचं असतं, मुलगा तिथे जेवू शकतो, झोपू शकतो, पण त्या घरातली पळीसुद्धा कुणाला देऊ शकत नाही, हे त्याने आईच्या दुधाबरोबर घेतलं होतं. तरी त्याने सही केली. त्यानंतर त्याने या खोऱ्यात पाऊल टाकलं नव्हतं.

आज टाकलं होतं, आणि तेही हिशेबाने. नवा विस्तव पेटला की त्याआधीचे सगळे अपराध, एक खून सोडून, विस्तवाबरोबर विझतात. पुन्हा त्यांचा उच्चारही करायचा नाही. जो करेल त्याचीच मान खाली जाते. आर्चिला माफी मागायला आला नव्हता. माफी आपोआप मिळते त्या दिवशी आला होता.

“सोकिनीबाई आज आपल्याला राख जेवू घालणार वाटतं!” खालून कुणीतरी ओरडलं, आणि उपाशी माणसं जेवढी हसू शकतात तेवढी हसली.

ओचेला काठी टेकत चढ चढून आला. विस्तव काढायच्या लाकडाची चकती त्याने काखेत तशीच धरली होती. तो अक्रोडापासून चार हात लांबच थांबला. नेकीच्या जवळ आजच्या दिवशी त्याला येता येत नव्हतं.

“नेकी, तुझ्या आईचं काय करायचं मी?”

“मामा, तुमची बहीण आहे. तुम्हीच जा ना.”

“गेलो होतो की. म्हणाली, ‘ओचेला, तू तुझं लाकूड घास, मी माझी चूल सांभाळते.’ लहानपणी ही नदीत हाताने मासा धरायची. मासा मरून ताठ व्हायचा, तरी मूठ सोडायची नाही. माझ्या आईने शेवटी माशासकट झोपवली होती तिला.” म्हातारा हसला, आणि मग त्याचं हसू ओसरलं. “पोरी, पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही देव जाणे. हा विस्तव शेवटचा असेल. तो न पेटवताच जायचं का गावाने? तू जा. तुझं ऐकेल.”

“माझं तर मुळीच नाही ऐकणार,” नेकी म्हणाली. का, ते मात्र तिने सांगितलं नाही.

ओचेला उतरला तसा तिचा नवरा वर आला. ताची अंगाने आडवा आणि मनाने हळवा माणूस. भुकेने त्याचा चेहरा उतरला होता, पण डोळ्यांत एक समाधान होतं.

“जळू दे,” तो म्हणाला. “तुझी आई खमकी आहे. सगळं खोरं उपाशी राहिलं तरी चालेल, पण त्या माणसाला फुकटात धुऊन निघू देणार नाही ती. मला आज पहिल्यांदा वाटलं, सासू असावी तर अशी.”

“हळू बोल. तो येतोय.”

आर्चिला खरंच येत होता. अंगात गोऱ्यांसारखा डगला, डोक्याला मात्र फेटा. तोही ओचेलासारखाच लांब थांबला. आठ महिन्यांत तो वाळला होता. नेकीला त्याचा राग यायला हवा होता, आणि यायचाही. पण तो समोर आला की तिला आठवायचं, हाच तिला पाठुंगळीला घेऊन नदी ओलांडायचा.

“कशी आहेस?”

“बघतोयस की.”

“नेकी, मला वळणं घेऊन बोलायला वेळ नाही. पानं पिवळी पडली की गाड्या निघतात. माझी बायको येतेय, तिची आई येतेय. ब्लँकेटं आहेत, पीठ आहे, वैद्य आहे बरोबर. तू अशा अंगाने येऊ शकत नाहीस, कळतंय मला. पण एल्सीला दे माझ्याबरोबर.”

ताची उसळलाच. “अरे वा! घर विकून झालं, आता लेकरू राहिलं होतं!”

“मी तिचा मामा आहे, ताची. लेकरू कुळाचं असतं. तू तिचा बाप आहेस, तुझं नातं प्रेमाचं. पण तिची जबाबदारी माझ्यावर आहे.”

“घर आईचं असतं हा नेम विसरलास, आणि मामाचा हक्क बरा आठवला तुला!”

आर्चिला ताचीकडे न बघता बहिणीशीच बोलू लागला.

“फाट्यावर सैनिकांसाठी ओंडके तोडणं चाललंय. मी उभा राहून बघितलं. कुंपण घालणार आहेत, दोन पुरुष उंच, आणि ओंडक्यांच्या वरच्या टोकांना तासून धार लावतायत. गुरांच्या कुंपणाला धार लागत नाही, नेकी.”

“आपला प्रमुख गोऱ्यांच्या राजधानीत जाऊन बसलाय,” ताची म्हणाला. “सगळ्या लोकांनी अर्जावर सह्या केल्यात. तुझा तो पश्चिमेला जायचा करार मूठभर लोकांनी केला, आणि त्याला साक्षीदार कोण, तर तेच मूठभर. उंदराला मांजर साक्ष! तो टिकणार नाही.”

“टिकायला नको, बरोबर आहे. बरोबर असण्याचा काय उपयोग झाला आजवर? डोंगरात सोनं सापडलं त्याच दिवशी आपला निकाल लागला. कोर्टाने सांगितलं जमीन आपली, तर त्यांनी काय केलं? पिंपात हात घालून आपल्या जमिनींच्या चिठ्ठ्या काढल्या, आणि जॉर्जियातल्या कुठल्याशा शिंप्याच्या वाट्याला तुझ्या भावाचं घर आलं. तुझा भाऊ जेवत होता, ताची. ताट त्याच्या हातात होतं. आज कुठे आहे तो?”

ताचीने मान फिरवली. भाऊ डोंगरात एका कपारीत राहत होता, आणि गेल्या थंडीत त्याची दोन्ही मुलं गेली होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं.

“म्हणून तू आईला न विचारता सही केलीस?” नेकीने विचारलं.

“विचारलं असतं तर नाही म्हणाली असती.”

“म्हणजे तुला माहीत होतं.”

“होतं,” आर्चिला म्हणाला. “मला वाटलं, रागावेल पण जिवंत राहील. आपलेच दात आणि आपलेच ओठ, नेकी. कुणाला तोडू मी? पण आई येत नाही म्हणते. निदान एल्सी…”

एल्सीला पाठवायचं, हे नेकीने मनात केव्हाच ठरवलं होतं, आणि हेच ते कारण, जे गावाला ठाऊक नव्हतं. कपारीतल्या त्या दोन मुलांना तिने आपल्या हाताने गुंडाळलं होतं. त्या दिवसापासून एल्सी जराशी खोकली तरी नेकी रात्रभर जागी राहायची. चार रात्रींपूर्वी, दादा पश्चिमेला निघणार हे कानावर आल्यावर, तिने आईजवळ विषय काढला होता, दादाबरोबर एल्सीला पाठवू का म्हणून. आई फक्त म्हणाली होती, “ज्याचं तोंड मी बघत नाही त्याच्या हातात माझी नात जाणार नाही.” आज त्याचं तोंड बघावं लागू नये म्हणून ती चूल विझवत नव्हती.

“मी जाते वर,” नेकी म्हणाली आणि झाडाला धरून उठली.

“आईची समजूत घालायला?” ताचीने विचारलं. त्याच्या आवाजात एकदम भीती आली. “नेकी, ती चूल विझली तर तो पुन्हा मामा होईल. कळतंय ना तुला?”

“कळतंय.”

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. दहा वर्षांचा संसार होता, त्याला वाचता येत होतं. “तुझ्या घरात मी काय बोलणार,” तो शेवटी म्हणाला आणि खाली बसला. त्या माणसाने त्यानंतर आयुष्यभर तिला या दिवसाचा जाब विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं असं नेकीला अनेकदा वाटलं.

घरात हिकरीच्या लाकडाचा उग्र वास भरला होता. सोकिनी चुलीपुढे मांडी घालून बसली होती आणि एकेक ढलपी अशी हळू सरकवत होती, जशी तान्ह्या मुलाला भरवावी. एल्सी तिच्या पाठीला पाठ लावून मक्याच्या सालाची बाहुली बांधत होती. लहान मुलांना उपास नसतो. तिच्या हनुवटीवर पीचचा रस वाळला होता.

“आई, खाली सगळे खोळंबलेत.”

“खोळंबू देत. गोऱ्यांनी आपल्याला इतकी वर्षं खोळंबवलं, तेव्हा कुणाला घाई नव्हती.”

“मामांचं वय झालंय. उन्हात उभे आहेत.”

“त्याला सावलीत बस म्हणावं.” तिने आणखी एक ढलपी सरकवली. “तुला कुणी पाठवलं? ओचेलाने? की त्याने?”

“कुणी नाही.”

“मग तू तुझ्या पायांनी आलीस. ते जास्त वाईट.”

नेकी भिंतीला टेकली. उंबऱ्याजवळ मडक्यात पाणी होतं. ते तिने पाहिलं, आणि नजर काढून घेतली.

“आई, दादा चुकला. चुकला नाही, त्याने गुन्हा केला. पण त्याने सांगितलेलं सगळं खरं होतंय. कुंपणं बांधतायत.”

“मी आंधळी नाही. मला ठाऊक आहे कुंपणं कशाला बांधतात.” सोकिनी पहिल्यांदा वळली. तिचे डोळे धुराने लाल झाले होते, की आणखी कशाने, कोण जाणे. “तुला वाटतं मी घरासाठी बसलेय? घर काय गं, चार ओंडके. माझ्या आईचं घर तर सैनिकांनी मी लहान असताना जाळलं होतं, मक्यासकट. आम्ही दुसरं बांधलं. पण ते शत्रूने जाळलं होतं. हे माझ्या पोटच्याने दिलं. आणि आज मी त्याला कणीस वाढू? ‘खा बाळा’ म्हणू? मग तो हिला उचलून नेणार, आणि मला हूं का चूं करता येणार नाही. हा विस्तव आहे तोवर मला बोलता येतं, नेकी. तोवरच. त्यानंतर माझ्या तोंडाला नेमाचं कुलूप.”

“इथे राहिली तर मरेल ती.”

“वाटेत मरणार नाही कशावरून? आगीतून फुफाट्यात. आणि मरायचंच असेल तर माझ्या मांडीवर मरू दे.”

“असं बोलू नकोस!”

“आजी, कोण मरणार?” एल्सीने बाहुलीवरून मान वर करत विचारलं.

पोर एकीकडून दुसरीकडे बघत राहिली. सोकिनीने तिला जवळ ओढलं आणि तिच्या हनुवटीवरचा डाग आपल्या बाहीने पुसला, जरा जास्तच जोरात. “कुणी नाही गं. म्हाताऱ्या बायका बडबडतात.”

नेकीला नंतर कधी नीट सांगता आलं नाही की मडकं तिने केव्हा उचललं. एवढंच आठवत होतं की ते जड होतं, पोटामुळे तिला वाकता येईना, म्हणून तिने उभ्यानेच ओतलं. चूल फुसफुसली. पांढरी वाफ छतापर्यंत गेली, काळं पाणी जमिनीवर पसरलं आणि सोकिनीच्या मांडीखालच्या चटईत शिरलं. एल्सी ओरडून मागे सरली.

मुलीने आईची चूल विझवावी, असं त्या कुळात कधी घडलं नव्हतं. त्याला शिवीसुद्धा नव्हती, कारण कुणाला लागलीच नव्हती.

सोकिनी बराच वेळ त्या काळ्या चिखलाकडे बघत बसली. नेकी वाट बघत होती. हात उगारेल, केस धरेल, बाहेर हो म्हणेल. खालून मैदानातून एक मोठा गलका ऐकू आला. धूर थांबलेला लोकांना दिसला होता. म्हातारी गुडघ्यांवर हात देऊन उठली, कोपऱ्यातली केरसुणी घेतली आणि ओली राख टोपलीत भरू लागली.

“एल्सी, तोंड धू,” ती म्हणाली. “खाली जायचंय.”

त्या दिवशी ओचेलाच्या हातांना विस्तव लवकर लागला नाही, पण लागला. लोकांनी आरोळी ठोकली, म्हातारी माणसं रडली. नेकीने हे सगळं अक्रोडाखालून पाहिलं. आई सगळ्यांबरोबर रांगेत गेली, तिने निखारा घेतला, नवं कणीस भाजलं आणि सरळ मुलापुढे जाऊन उभी राहिली. काय बोलली ते इतक्या लांबून ऐकू येत नव्हतं. पण आर्चिला, एवढा मोठा बाप्या, कणीस हातात धरून पोरासारखा स्फुंदत होता, आणि आई त्याच्या खांद्यावरची धूळ झटकत होती. त्यात खोटं काही नव्हतं. सोकिनीने नेम पाळला म्हणजे पाळला. मनात एक आणि हातात एक असं तिचं कधीच नसायचं.

नेकीलाही तिने कणीस आणून दिलं, झाडाखाली, स्वतःच्या हाताने. “खा. दोन जिवांची आहेस.” नेकीने तिच्या डोळ्यांत शोधलं. तिथे राग नव्हता. नेहमीची आई होती. नेकीने सुटकेचा श्वास टाकला आणि कणीस दाणान्‌दाणा संपवलं. इतकी भूक तिला आयुष्यात कधी लागली नव्हती.

पानं पिवळी पडली तसा आर्चिला आला. सोकिनीने एल्सीच्या केसांना अस्वलाची चरबी चोळून घट्ट वेणी घातली, नवे मऊ जोडे पायात बांधले, आणि मामाचं ऐकायचं म्हणून बजावलं. गाडी वळणाआड गेली तेव्हा ताची रानात निघून गेला. नेकीला महिन्याभराने मुलगा झाला.

पुढच्या वसंतात सैनिक आले. सगळ्यांना धार लावलेल्या ओंडक्यांच्या कुंपणात कोंबलं, आणि मग टेनेसीतल्या छावणीत नेलं. ओचेला तिथे पहिल्याच महिन्यात गेला. त्या उन्हाळ्यात पाऊस पडला नाही, नद्या आटल्या, पश्चिमेला न्यायच्या होड्या निघेनात. कणसं कोवळी व्हायचे दिवस आले आणि गेले. छावणीत शेत नव्हतं, आणि विस्तव राखणाराही उरला नव्हता.

याच सुमारास त्यांच्या कुळातला एक माणूस आपल्या बायकोला शोधत पश्चिमेहून परत आला. तो आर्चिलाच्याच तांड्यात होता. सोकिनीच्या झोपडीपुढे तो बसला, पाणी प्यायला, आणि त्याने जे सांगायचं ते सांगितलं. मिसिसिपी ओलांडल्यावर मुलांना गोवर आला. वर बर्फ. रोज कुणाचं ना कुणाचं मूल जायचं. एल्सीला मामाने डगल्यात गुंडाळून शेवटपर्यंत मांडीवर धरलं होतं, गाडीतसुद्धा ठेवलं नव्हतं. जमीन इतकी गोठलेली होती की खड्डा आधी विस्तव पेटवून मऊ करावा लागला. आर्चिला जिवंत आहे, पण कुणाशी बोलत नाही.

माणूस गेला. ताची झोपडीमागे जाऊन उभा राहिला. सोकिनी सरकारी पिठातले किडे वेचत होती. तिची बोटं थांबली, आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू लागली. गालांवरून पाणी गळत होतं, ते तिने पुसलं नाही.

नेकी रांगत तिच्यापुढे गेली. “आई.”

सोकिनीने वर पाहिलं.

“बोल ना मला. तू नको म्हणत होतीस. तुझ्या मांडीवर मेली असती. तू सांगितलं होतंस, वाटेत मरेल म्हणून. शिव्या दे, आई, मार मला. काहीतरी म्हण.”

म्हातारीने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. हात मऊ होता, आणि नेकीला तो सहन होईना. एवढा एकच दिवस आईने वाईट व्हावं, नेम मोडावा, तोंडाला येईल ते बोलावं, एवढंच तिला जगात हवं होतं. ती आईची दोन्ही मनगटं धरून हलवू लागली.

“चुलीत पाणी मी ओतलं, आई! मी ओतलं!”

सोकिनीने हळूच हात सोडवून घेतले.

“कसलं पाणी?” ती म्हणाली.